उतरत्या उन्हाचं काम

सकाळी ६.१५

गराजचं दार वर सरकवलं की आधी लाकडाचा वास येतो, मग समोरच्या गवतावरचं दव दिसतं. हिल्सबरोला ऑगस्टच्या अखेरीस दुपारी कितीही तापलं तरी पहाटे सगळं ओलसर असतं. ओरेगनचा हा पट्टा पावसासाठी बदनाम आहे, पण शेजारच्या पोर्टलंडला वर्षाकाठी पडतो साधारण ९०० मिमी. चिपळूणकर याला पाऊसही म्हणणार नाहीत. फरक एवढाच की कोकणातला पाऊस चार महिने कोसळून मोकळा होतो; इथला ऑक्टोबरपासून मेपर्यंत झिमझिमत राहतो आणि दोन सरींच्या मध्ये लाकूड वाळेल इतकी उसंत देत नाही. प्लायवुडचा जीव घेतो तो असला पाऊस.

आत ट्रेलर उभा आहे. पाच फूट रुंद, साडेआठ फूट लांब, पुढून फुगीर आणि मागे निमुळता, म्हणजे ज्याला इथे टिअरड्रॉप म्हणतात तो प्रकार. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, मागचं झाकण उचललं की ओटा. बाजूच्या भिंती १८ मिमी प्लायच्या, छत ३ मिमीच्या दोन थरांचं, वाकवून चिकटवलेलं. सांगाडा उभा झाला, रंग अजून लांब आहे. मधलं जे काम फोटोत दिसत नाही आणि ज्यावर ट्रेलर दोन वर्षं टिकणार की वीस हे ठरतं, ते आज आहे: सांधे पाणीबंद करायचे. आतून जमीन आणि भिंतीचा सांधा, बाहेरून छत आणि भिंतीचा.

पहिलं काम हत्यार उचलण्याचं नाही, तीन आकडे लिहून घेण्याचं. हवा १३ अंश सेल्सियस. आर्द्रता ८६ टक्के. प्लायचा पृष्ठभाग १४ अंश. या हवेचा दवबिंदू ११च्या आसपास येतो. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते आणि आपण पाण्याच्या पापुद्र्यावर इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून केलेला, घट्ट होणारा लेप) फासतो. आत्ता हिशेब अगदी काठावर आहे. मग ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया प्लायमध्ये टोचून बघते: भिंतीत ११, जमिनीच्या मागच्या कोपऱ्यात १२. ठीक. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशीचं फावतं; त्याच्या खाली ती वाढत नाही. पण बंद करताना मला १२च्या वर काही नको आहे, कारण आत अडकलेल्या ओलीला नंतर बाहेर पडायला वाट नसते.

सकाळी ७.००

बाबा चहाचे दोन कप घेऊन येतात. जूनमध्ये आलेत, सहा महिन्यांचा व्हिसा आहे, पण चार महिन्यांतच परत जायचं त्यांनी ठरवून टाकलंय. आयुष्यभर दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसची बॉडी बांधणाऱ्या विभागात होते. अमेरिकेत आल्यावर पहिले आठ दिवस कंटाळले होते; गराजमध्ये सांगाडा उभा राहायला लागला तसे माणसात आले.

“आज लावणार ना इपॉक्सी?”

“आजच. पण चारनंतर.”

“चार? आणि तोवर?”

“तयारी.”

“तयारीला नऊ तास?” असं म्हणून ते ट्रेलरभोवती एक फेरी मारतात. छतावर दोन तक्ते जिथे एकमेकांवर चढलेत तिथे थांबून बोट फिरवतात. “पुढचा मागच्यावर घेतलायस. बरोबर आहे.” बसचा पत्रा जोडतानाही तेच: वरचा खालच्यावर, पुढचा मागच्यावर. वाऱ्याने पाणी लोटलं तरी फटीच्या तोंडात शिरता कामा नये. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते सिलिकॉनचं.

“एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्या फटींत सिलिकॉन भर ना. संध्याकाळपर्यंत मोकळी होशील.”

हा प्रश्न मला ट्रेलर बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून उत्तर तयार असतं. सिलिकॉन काचेला आणि टाइलला चांगलं. लाकडावर ते वरवर धरतं. लाकूड जरा हललं की एका कडेने सुटतं, आणि सुटलंय हे बाहेरून दिसत नाही. त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं, पण उडून बाहेर यायला जागा नसते. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉन खरवडून काढलं तरी त्याचा अंश मागे राहतो आणि त्यावर रंग, इपॉक्सी, दुसरं सिलिकॉन, काहीच धड चिकटत नाही. म्हणजे चूक दुरुस्त करायचीही सोय जाते.

“मग खिडक्यांना काय लावणार?” 

“ब्यूटिलची पट्टी.” 

ते मान हलवतात. पटलंय असं नाही. पुढे बघू, एवढाच त्याचा अर्थ.

सकाळी ७.४५

जमिनीला आणि भिंतींच्या आतल्या बाजूला मागच्या आठवड्यात इपॉक्सीचा एक हात देऊन झालाय. तो आज धुवायचा. इपॉक्सी घट्ट होताना, विशेषतः थंड आणि दमट हवेत, वर मेणासारखा एक तुळतुळीत थर येतो. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून तो तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नाही. म्हणून कोमट पाणी आणि भांडी घासायची खरखरीत घासणी, मग कोरडं फडकं. आधी पॉलिश पेपर मारला तर तो थर पुसला जाण्याऐवजी ओरखड्यांत दाबला जातो. धुणं आधी, घासणं नंतर. हा क्रम मोडायचा नाही.

वीस मिनिटांत होतं. पंखा लावून ठेवते.

सकाळी ९.००

आता कडा. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

प्लायवुड पाणी पितं ते पृष्ठभागातून कमी, काठातून जास्त. झाडात पाणी मुळाकडून शेंड्याकडे नेणाऱ्या नळ्या लाकडाच्या लांबीत असतात. फळी आडवी कापली की त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात, आणि टोकाला पाणी लागलं की ती आपोआप ओढून घेतात. साध्या फळीची दोनच टोकं अशी धोक्याची. प्लायवुडमध्ये मात्र थर एकाआड एक आडवे-उभे रचलेले असतात, म्हणून कुठलीही बाजू कापा, तिथल्या निम्म्या थरांच्या नळ्या तोंड उघडून बसलेल्या असतातच. प्लायला चार काठ आणि चारही तहानलेले. शिवाय खिडक्यांची भोकं, दिव्यांची भोकं, दाराची चौकट, वायर जायची भोकं, तीसुद्धा काठच.

सपाट पृष्ठभागापेक्षा मी म्हणूनच काठांवर जास्त वेळ घालवते. आधी ८० नंबरच्या पेपरने करवतीच्या खुणा घालवायच्या, मग राऊटरने छत आणि भिंतीच्या कोपऱ्याला १० मिमीची गोलाई द्यायची. ती दिसायला छान म्हणून नव्हे. काटकोनी धारेवर रंग आणि इपॉक्सी दोन्ही पातळ होतात, आणि सांध्यावर चढवायचं काचेच्या धाग्यांचं कापड धारेवर वळत नाही. उचललं जातं आणि खाली पोकळी राहते. गोल कोपऱ्यावर ते अंगालगत बसतं.

राऊटर फिरताना छताचे दोन थर कापले जाऊन भिंतीचा काठ उघडा पडतो: फिकट, गडद, फिकट, गडद अशा पट्ट्या. गडद पट्टी म्हणजे तोंड वर करून बसलेल्या नळ्या. बोटाला थुंकी लावून तिथे टेकवा. फिकट पट्टीवरचा ओला डाग चमकत राहतो, गडद पट्टीवरचा बघता बघता मुरतो. बाबांना हे दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्वतः करून पाहिलं. मग म्हणाले, “आमच्याकडे जमिनीला प्लाय वापरायचो तेव्हा कडेला पट्टी असायची. आता कळलं का.” 

“तेव्हा कुणाला विचारलं नाहीत?” 

“ड्रॉइंगमध्ये होती. ड्रॉइंगमध्ये असलं की विचारायचं नसतं.”

दोन जागी भिंतीच्या काठात थरांमध्ये पोकळी दिसते, आगपेटीच्या काडीएवढी. तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवते.

सकाळी ११.३०

स्क्रू. जमिनीतून खालच्या लोखंडी चौकटीत जाणारा प्रत्येक स्क्रू म्हणजे वरच्या लेपाला पाडलेलं भोक आहे. उपाय जुना आहे आणि होडी बांधणारे तो वर्षानुवर्षं करत आले आहेत: स्क्रूपेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं, सुकलं की त्याच्या मधोमध स्क्रूचं बारीक भोक पाडायचं. मग स्क्रूभोवती लाकूड नसतंच, इपॉक्सीची नळी असते. पाणी आलं तरी तिथेच थांबतं. आत्ता फक्त मोठी भोकं पाडून ठेवायची. पंधरा मिनिटांत आटपेल असं वाटणारं हे काम तासभर खातं, कारण खालच्या बाजूला ड्रिल धरायला जागाच नाही.

खालची बाजू लोक विसरतात. वरून पाऊस पडतो म्हणून सगळं लक्ष छतावर. पण ओल्या रस्त्यावरून जाताना चाकं जे पाणी उडवतात ते खालून, वेगाने, वाळू-मातीसकट जमिनीवर आदळतं.

वेगाचंही गणित आहे. इथून हायवे २६ धरून कॅनन बीचला जाताना डोंगर ओलांडावा लागतो, आणि तो डोंगर वर्षातले बरेच महिने भिजलेला असतो. ताशी ५५ मैलांनी, म्हणजे सुमारे ८८ किमीने, ट्रेलर ओढला की समोरच्या तोंडावर हवेचा जो दाब येतो तो साधारण ३७ मिमी पाण्याच्या उंचीइतका भरतो. अंगणात उभ्या ट्रेलरवर पाईपने पाणी मारून “गळत नाही” म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही. हायवेवर पाणी चढाच्या दिशेनेही शिरतं.

दुपारी १.००

जेवायला बसण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत. इपॉक्सी एकदा अंगाला बाधायला लागली की पुढे थेंबानेही पुरळ उठतं आणि ही सवय शरीर विसरत नाही. कातडीवर लागलेलं थिनरने पुसणं तर सगळ्यात घातक. थिनर ते आत पोचवतं. व्हिनेगर हत्यारांसाठी ठीक, हातांसाठी साबण आणि पाणीच.

पोळी, फरसबीची भाजी, दाण्याची चटणी. बाबांचा प्रश्न तयार असतो: “हे मरीन प्लाय ना? मग एवढं कशाला?”

भारतात मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०. त्याचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून थर सुटतात का ते बघतात. माझ्या भिंतींना आहे ते ब्रिटिश बीएस १०८८ प्रतीचं, ओकूमे नावाच्या आफ्रिकन लाकडाचं. माझ्या प्लायवरचा “मरीन” हा शिक्का गोंदाचा आणि आतल्या थरांत पोकळ्या फार नसल्याचा. पण ओकूमे हे लाकूड स्वतः काही टिकाऊ नाही. ओलं राहिलं तर गोंद शाबूत आणि लाकूड कुजलेलं अशी अवस्था येते. दुकानदार “मरीन आहे, काही होत नाही” म्हणतो तेव्हा तो गोंदाबद्दल खरं बोलत असतो.

हे सगळं ज्ञान होड्यांकडून आलंय. टिअरड्रॉप ट्रेलर अमेरिकेत १९३०च्या दशकात लोकप्रिय झाले, लोक मासिकांतले आराखडे बघून परसात बांधायचे. युद्धानंतर १९४७ला ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये आलेला आराखडा अजूनही फिरतो. त्या पिढीचा भरवसा वरून ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर होता. प्लायचे तुकडे तारेने शिवून, सांध्यावर काचेची पट्टी आणि राळ लावून होडी उभी करायची पद्धत ब्रिटनमध्ये १९६२च्या सुमाराला ‘मिरर’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीमुळे घरोघरी पोचली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती बांधली, ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने उचलून धरली. पुढे मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी १९६९पासून लाकडी होड्यांसाठी इपॉक्सीचा व्यवसाय उभा केला. आता अॅनापोलिसचे होडी बांधणारे जॉन हॅरिस प्लाय-इपॉक्सीच्या टिअरड्रॉपचे सुटे भागच विकतात. ट्रेलर म्हणजे उलटी होडी असं मी बाबांना सांगून बघितलं. ते म्हणाले, “होडी ओली राहिली तरी तिला कुणी शिव्या देत नाही.”

स्वस्तातला मार्गही आहे. रंगाऱ्याचं कॅनव्हास, लाकडाचा पाण्याला टिकणारा गोंद पातळ करून, वरून घराच्या बाहेरचा रंग. फोमचे हलके ट्रेलर बांधणारे सर्रास हेच करतात आणि रंगाची निगा राखली तर ते टिकतं. मी तो घेतला नाही कारण मला निगा राखायचा कंटाळा आहे, आणि माणसाने स्वतःला ओळखून साहित्य निवडावं.

दुपारी २.३०

काचेची पट्टी कापून ठेवणं, कागदी टेप लावणं, कप आणि काड्या मांडणं. काम सुरू झाल्यावर चिकट हातमोज्यांनी कात्री शोधायची वेळ येऊ नये. प्रत्येक पट्टी गुंडाळून तिच्यावर नंबर. गराजमध्ये २७ अंश, अजून चढतंय.

बाबांना आता राहवत नाही. “ऊन आहे, कोरडं आहे, सगळं मांडलंस. लाव की.”

लाकूड भरीव दिसलं तरी त्यात हवा असते. सकाळपासून दुपारपर्यंत तापमान चढतं तशी ती फुगते आणि काठांतून बाहेर पडते. त्या वेळी इपॉक्सी फासली तर हवा तिच्यातून वाट काढते: आधी बारीक बुडबुडे, मग ते फुटून सुईच्या टोकाएवढी भोकं. वरून चकचकीत दिसणाऱ्या लेपात शेकडो भोकं, आणि तीही नेमकी काठावर, जिथे ती परवडत नाहीत. दुपार कलली, लाकूड निवायला लागलं की उलटं होतं. आतली हवा आकसते, आणि काठावर लावलेली इपॉक्सी लाकूड स्वतःहून आत ओढून घेतं. सकाळी आणि संध्याकाळी तेच मिश्रण, तोच ब्रश, तेच लाकूड. पण सकाळी ते वर बसतं आणि संध्याकाळी आत मुरतं.

पाणीबंद करायचं म्हणजे फटीवर काहीतरी फासायचं, ही समजूत माझीही होती. खरं काम पाण्याच्या वाटा आतून बुजवायचं आहे, आणि ते लाकडाच्या सोयीच्या वेळी करावं लागतं.

“म्हणजे ट्रेलर श्वास घेतो तेव्हा द्यायची,” बाबा म्हणाले आणि खुर्ची दारापाशी, सावलीत ओढून बसले.

दुपारी ४.१५

काटा २९वर जाऊन अर्ध्या तासापासून तिथेच आहे. आता खाली येईल. मास्क, नायट्राइलचे हातमोजे, जुना शर्ट.

राळ पाच भाग, हार्डनर एक भाग. डब्यांना पंप बसवलेले असतात, दोन्हीकडे एकेक दाब दिला की प्रमाण आपोआप बरोबर पडतं. घाई व्हावी म्हणून हार्डनर जास्त घालणं हा इथला हमखास घोटाळा. जास्तीचा हार्डनर तसाच कच्चा राहतो आणि लेप कायमचा मऊ. लवकर घट्ट व्हायला हवं असेल तर वेगळा जलद हार्डनर घ्यावा. मी आता सावकाश होणारा घेते, कपात तो वीसेक मिनिटं देतो. कप हातात गरम लागायला लागला की पसरट ताटात ओतायचं. ढिगाने ठेवलेली इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते, धुरावतेही.

पहिला हात नुसत्या इपॉक्सीचा, काही न मिसळता, फक्त काठांना आणि सांध्यांना. ब्रशने लावायचं, पुढे जायचं, पाच मिनिटांनी मागे वळून बघायचं. गडद पट्ट्या कोरड्या दिसतात: पिऊन टाकलं. पुन्हा लावायचं. पुन्हा पाच मिनिटं. तिसऱ्या फेरीत काठ ओला राहतो आणि चमकतो. पेन्सिलीने खूण केलेल्या पोकळ्यांत इंजेक्शनच्या सिरिंजने भरते. एकीत अपेक्षेपेक्षा बरंच गेलं, म्हणजे ती पोकळी लांबवर आहे. बरं झालं, आत्ता कळलं.

संध्याकाळी ५.३०

आतला सांधा. जमीन आणि भिंत काटकोनात भिडतात, आणि काटकोनाच्या खाचेत पाणी बसतं, धूळ बसते, शिवाय कापड वळत नाही. म्हणून तिथे गोलाई भरायची. इपॉक्सीत बारीक सिलिका आणि लाकडाचं पीठ मिसळत न्यायचं. सिलिका इतकी हलकी असते की डबा उघडतानाच उडते, मास्क काढायचा मोह तिथेच होतो आणि तिथेच काढायचा नाही. किती मिसळायचं याचं माप कुणी सांगू शकत नाही, पण मराठी घरात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही: चक्का. काडी उलटी धरली तरी पडता कामा नये, आणि टोक मोडून वाकता कामा नये. त्याहून सैल असेल तर भिंतीवरून घसरतं, त्याहून घट्ट असेल तर लाकडाला धरत नाही.

प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून खाचेत एक जाड वळी सोडते. मग जुन्या बँक कार्डाचा कोपरा १२ मिमी त्रिज्येने गोल कापलेला, तो साठ अंशांत धरून, न थांबता, एका दमात ओढायचा. थांबलं की तिथे पायरी पडते. कार्डाच्या दोन्ही बाजूंना जास्तीचं मिश्रण बारीक रेघांसारखं उठतं. ते लगेच उचलायचं, उद्या पटाशी लागेल. ओल्या गोलाईवरच काचेची पट्टी ठेवायची, ब्रशने हळूच टेकवायची. कोरडी पट्टी पांढरी असते. इपॉक्सी शोषत जाते तशी काचेसारखी पारदर्शक होते आणि खालचं लाकूड दिसू लागतं. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे. पूर्ण ट्रेलरच्या आतून मी गुडघ्यांवर फिरते आणि फक्त पांढरं शोधते.

आतून हे करायचं कारण एक वेगळं आहे. दोन माणसं बंद जागेत रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून भांडंभर पाणी हवेत जातं. सकाळी ते थंड भिंतीवरून ओघळून याच खाचेत येतं. बाहेरून गळत नसलेला ट्रेलर आतून कुजलेला निघतो तो असा. छतात पंखा बसवणार आहे तो त्याच्यासाठी. हवा खेळती नसेल तर नुसतं पाणीबंद करून भागत नाही.

“गादी उचलून ठेवायला फळ्या घाल खाली,” बाबा दारातून म्हणतात. “हवा जाऊ दे.” हे माझ्या यादीत नव्हतं. लिहून घेते.

संध्याकाळी ७.१५

छत-भिंतीची पट्टी. उजेड तिरका येतोय, त्यामुळे बुडबुडे चांगले दिसतात. हे एकट्याने होत नाही. बाबा नंबर बघून गुंडाळी हातात देतात, मी मागून पुढे उलगडत जाते. तीन इंच रुंदीची पट्टी, गोलाईच्या मधोमध. खालच्या बाजूची आधी, वरची तिच्यावर चढवून. त्यांनी न सांगता क्रम बरोबर लावलेला असतो.

मागच्या झाकणाच्या बिजागरीपाशी दहा मिनिटं जातात. टिअरड्रॉपमध्ये गळतं ते नव्वद टक्के वेळा तिथेच, असं म्हणायची पद्धत आहे. टक्केवारीचं माहीत नाही, पण जागा तीच. झाकणाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत मी पन्हळ काढलीय: पाणी आत आलंच तर वाहून खाली पडावं. ती पन्हळही आज इपॉक्सीने भिजवली.

रात्री ८.१५

खिचडी, ताक. कुणी फारसं बोलत नाही.

रात्री ९.४५

नख टोचून बघायचं. खूण उमटते पण नखाला काही लागून येत नाही: हीच वेळ. आत्ता दुसरा हात दिला तर तो पहिल्याशी रासायनिकरीत्या एकजीव होतो. उद्या दिला तर आधी धुवा, मग घासा, आणि तरीही पकड फक्त ओरखड्यांची. म्हणून एवढ्या रात्री पुन्हा मास्क. गराज १९ अंशांवर आलंय आणि रात्री आणखी उतरणार, तेव्हा या हाताला जलद हार्डनर. सावकाशवाल्याला १६च्या खाली झोप येते. रोलरने पातळ थर, पट्टीची वीण बुजेल इतकाच. स्क्रूंची मोठी भोकंही आत्ताच भरून टाकली.

ऊन मात्र इपॉक्सीला सोसत नाही. काही महिन्यांत पिवळी पडते, मग भुकटी सुटते. वर रंग हवाच. आणि रंगावर, कोपऱ्याने, ॲल्युमिनियमची पट्टी. ती नुसती चिकटवून चालणार नाही. साडेआठ फुटांची पट्टी थंडी-उन्हाच्या ४० अंशांच्या फरकात जवळपास अडीच मिमी लांबते, खालचं प्लाय साधारण अर्धा मिमी. हा दोन मिमीचा ओढा घट्ट बसणाऱ्या कुठल्याही चिकटपदार्थाला तोडतो. ब्यूटिल कधी सुकत नाही, ओढलं तसं ताणतं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, आणि सिलिकॉनचा विषय त्यानंतर निघाला नाही. पत्रा लांबतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

रात्री १०.४५

ब्रश फेकायचे, कपात उरलेलं बाहेर सिमेंटवर ठेवायचं, गार झाल्यावर कचऱ्यात. दार बंद, पंखा बंद. आता धूळ नको.

“तपासणार कसं?” बाबा विचारतात. “पाईपने?”

“पाईपने दिसत नाही कुठून आलं ते. खिडक्या-दारं बसली की आत पंखा लावून हवा कोंडायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडा, तिथे भोक.”

“हे कधी?”

“रंगाआधी आठवडाभर वाळू द्यायचं. मग रंगाचे तीन हात. मग खिडक्या. तीन-चार आठवडे धरा.”

ते बोटांवर मोजतात. “माझं तिकीट दोन ऑक्टोबरचं आहे.”

“माहितीये.”

“मग रंग शेजारच्या त्या पोराला बोलावून करून घे. आणि साबणाचं पाणी मी मारणार.”